पाहुण्यांसाठी राखलेली गंजी

आमच्याकडे मुलगी पाहायला आलेला माणूस सरळ घरात शिरत नाही. अंगणात जरा रेंगाळतो. हात मागे बांधून आधी गोठ्याकडे बघतो, मग कडब्याच्या गंजीकडे. घरात मांडायला चांगली भांडी शेजारून आणता येतात, सतरंजी आणता येते, गळ्यातलं एखादं मावशीकडून येतं. गंजी उसनी आणता येत नाही. ज्वारी कापून, कणसं खुडून, ताटांच्या पेंढ्या बांधून, त्या एकीवर एक रचत ती उभी करावी लागते. गोठ्यातल्या जनावरांनी पोटभर खाऊन उरलं, तरच ती पुढच्या सालापर्यंत टिकते. म्हणून आमच्या जानेफळकडच्या भागात गंजीवरून घर ओळखतात.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणीच मला अकोल्याला मामाकडे ठेवलं होतं, मिशनच्या इंग्रजी शाळेत. शाळा संपवून कायमची घरी आले तेव्हा घरातलं बोलणं मला कळत होतं, पण माझं बोलणं घरात चालत नव्हतं. घरी सगळे ‘मले’ म्हणत, मी ‘मला’ म्हटलं की शेजारच्या बाया तोंडाला पदर लावत. मग मी बोलणं कमी केलं. ओट्यावर बसून धान्य निवडता निवडता आवारात काय चाललंय ते पाहत राहायचे. माझं बरंचसं घर मी असं ओट्यावरूनच शिकले.

आमच्या आवाराला लागून एका शेजाऱ्याचं घर होतं, त्यांना मी चाचा म्हणायचे. थोडी कोरडवाहू जमीन, बैलांची एक जोडी आणि एक बैलगाडी. कापसाच्या दिवसांत लोकांचा कापूस भरून ते खामगावच्या जिनिंगपर्यंत जात आणि येताना कोणाची सरकीची ढेप, कोणाचं तेल, कोणासाठी बांगड्या असं काय काय घेऊन येत. बाबांना ते दादा म्हणत आणि मला मड्डम.

“मड्डम, आज बैलाले गुड मॉर्निंग केलं काय?” सकाळी गोठ्याशी दिसले की ते विचारत. “काल केलं नाई म्हणून रुसून राह्यला तो.”

मी खाली मान घालून आत जायचे. पण खरं म्हणजे दिवसभरात माझ्याशी थट्टा करणारा तो एकच माणूस होता.

बाबांचीही एकच जोडी होती. त्यांना आम्ही डावा आणि उजवा म्हणत असू, कारण जुवाला ते त्याच बाजूंनी जुंपले जात. उजवा म्हातारा झाला होता, त्याच्या एका शिंगाचं टोक झडलेलं होतं आणि खांद्यावरची कातडी जुवानं जाड होऊन काळी पडली होती. डावा तरुण, उंच, जरा भित्रा. दावणीलाही ते त्याच बाजूंना उभे राहत. पाण्यावरून मोकळे परत येतानाही डावा डावीकडूनच चालायचा आणि म्हातारा मागं पडला तर थांबायचा. बाबा फार बोलणारे नव्हते, पण बैलांशी बोलत. आम्हाला न सांगितलेल्या गोष्टी त्यांना सांगत असावेत असं मला तेव्हा वाटे.

मी घरी आले ते साल कोरडं गेलं. ज्वारी गुडघ्याच्या थोडी वर आली आणि तिथंच थांबली. कणीस धरलंच नाही. दाण्याचं काय व्हायचं ते सरकारी दुकानातून होईल, असं लोक म्हणत होते. चाऱ्याचं दुकान नव्हतं.

दिवाळीच्या आधीच एका व्यापाऱ्याचा ट्रक गावागावांतून फिरू लागला. ज्यांच्या आवारात मागच्या सालचा कडबा होता, त्यांच्या दारात तो थांबे. पहिल्यांदा आला तेव्हा व्यापाऱ्यानं सांगितलेला पेंढीचा भाव ऐकून पारावरचे लोक हसले. कडब्याला असा भाव असतो का, म्हणाले. दुसऱ्यांदा आला तेव्हा भाव आणखी चढला होता आणि कोणी हसलं नाही. तिसऱ्या वेळी बऱ्याच जणांनी आपल्या गंज्या ट्रकवर चढवून दिल्या. आमच्या दारातही तो आला. आमची गंजी गावातल्या मोठ्या गंज्यांपैकी होती. त्यानं ती अख्खी मागितली. बाबांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि कडबा आम्ही विकत नसतो एवढंच सांगितलं. तो गेल्यावर आई म्हणाली की बरं केलं, बैल काय खातील.  बाबांच्या मनात बैल होतेच, पण पुढं अजून एक गोष्ट होती, आणि ती मी होते.

वरवट बकालकडचं एक स्थळ आलं होतं. काळ्या जमिनीची माणसं, विहिरी असलेली. मुलगा शिकलेला आणि त्याला इंग्रजी शिकलेली मुलगी चालणार होती, म्हणजे हवीच होती. मध्यस्थानं कळवलं की पाहुणे माघात येतील. ते ऐकल्यापासून बाबा संध्याकाळी गंजीभोवती एक फेरी घालू लागले. गंजी मागच्या सालची होती, वरून जराशी खचली होती. दर साली नवा कडबा तिच्यावर चढे आणि ती पुन्हा उंच होई. यंदा चढवायला काही नव्हतं.

मग एके सकाळी बाबांनी ती न पिकलेली ज्वारी कापायला घेतली. तशी कापलेली ताटं बरेच दिवस शेतातच पसरून वाळवायची असतात, उलटीपालटी करायची असतात, तेव्हा कुठं त्यांचा कडबा होतो. पण त्या साली शेतात काही ठेवायची सोय नव्हती. मोकळी जनावरं शिरत आणि माणसंही उचलून नेत. बाबांनी ती ताटं अर्धवट वाळलेली असतानाच गाडीत घालून घरी आणली आणि गंजीवर चढवली. चाचा खालून पेंढ्या फेकत होते, बाबा वर उभे राहून रचत होते.

“दादा, हे तं ओलं वाटून राह्यलं,” चाचा एक पेंढी हातात तोलत म्हणाले.

“वरच्या वर आहे ते. वाऱ्यानं सुकते,” बाबा म्हणाले.

चाचांनी ती पेंढी फेकली. संध्याकाळपर्यंत गंजी पुन्हा उंच झाली. बाबा खाली उतरून फाटकाजवळ गेले, रस्त्यावरून येणाऱ्याला ती कशी दिसेल ते पाहिलं आणि परत आले. त्या दिवशी ते जेवताना आईशी जरा हसून बोलले, ते मला आठवतं.

त्यानंतर काही दिवसांनी एक पाऊस आला. सगळा मोसम फसवून गेलेला पाऊस हिवाळ्याच्या तोंडाला एकदाच येऊन, तासभर पडून गेला. गावात सगळे त्यानं खूश झाले. हरभऱ्याला बरं म्हणत होते. बाबाही ओट्यावर उभं राहून तो पाहत होते. गंजीच्या डोक्यावरची ती ओली ताटं स्वतःच्या वजनानं मध्ये दबली होती, तिथं खळगा पडला होता, आणि पाणी त्या खळग्यातून आत उतरत होतं, हे खालून दिसण्यासारखं नव्हतं.

थंडी वाढली. सकाळी आई गोठ्यातलं शेण काढून आली की गंजीला टेकून उभी राही. एकदा तिनं मलाही बोलावलं. पेंढ्यांच्या मध्ये हात घातला की आत ऊब लागत होती, चुलीजवळ बसल्यासारखी. आम्ही दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिलो. मला ते फार आवडलं होतं. मग आईचा चेहरा बदलला. तिनं हात बाहेर काढून हुंगला आणि घरात गेली. बाबांना ती काय म्हणाली ते मी ओट्यावरून ऐकलं. गंजी आतून तापते आहे, एकदा वरचं काढून पाहा, असं तिचं म्हणणं होतं.

“बाहेर थंडी आहे, म्हणून तुले गरम लागते,” बाबा म्हणाले.

आईनं पुन्हा दोनदा तरी तो विषय काढला. वरचं काढायचं म्हणजे गंजी मोडायची, आणि मोडलेली गंजी पुन्हा तशी रचता येत नाही. माघ जवळ आला होता. बाबा एवढंच म्हणत की पाहुणे येऊन जाऊ दे.

तोवर बैलांना तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा होता, तोही संपत आला. बाबा टेकडीवरून अंजनाच्या झाडांचा पाला तोडून आणत. मग अंजनंही भुंडी झाली, कारण सगळं गावच तिकडं जात होतं. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. दावणीवरून गंजी समोरच दिसे. म्हातारा उजवा तिच्याकडं तोंड करून उभा राही आणि हुंगत राही. जनावरं येऊ नयेत म्हणून बाबांनी आता गंजीभोवती काट्यांचं कुंपण घातलं होतं. मी एकदा त्यातून हात घालून त्याच्यासाठी दोन ताटं ओढली. बाबांनी पाहिलं. रागावले नाहीत. ताटं माझ्या हातातून घेऊन त्यांनी बैलालाच घातली आणि ओढलेली जागा हातानं थोपटून सारखी केली.

चाचांची परिस्थिती आमच्याहून वाईट होती. त्यांची गंजी नव्हतीच. त्यांनी आपल्या गोठ्याच्या छपरावरचं जुनं गवत काढून बैलांना घालायला सुरुवात केली होती. कित्येक सालांचं, धुरानं काळं झालेलं गवत. रोज छपराचा थोडा भाग कमी होई. आमच्या ओट्यावरून पाहिलं की त्या गोठ्यातून आभाळ दिसायचं. एक दिवस ते आले आणि ओट्याच्या कडेला उकिडवे बसले. त्या दिवशी त्यांनी माझी थट्टा केली नाही, तेवढ्यावरूनच ते काही मागायला आलेत हे मला कळलं.

“दादा, माह्या बैलासाठी आठ दिवसांचं निघन काय? पाऊस झाला की फेडतो, पेंढीले पेंढी.”

 बाबा म्हणाले, “पाहुणे येऊन जाऊ दे. मग अर्धी गंजी तुही, अर्धी माही. फेडायचं काही नाई.”

चाचा हसले. “मंग त माह्या बैलाले सांगतो, की मड्डमचं लगन जमू दे.”

पाहुणे आले. मुलगा आला नव्हता. त्याचे मामा आले होते आणि सोबत मध्यस्थ. मामा उंच, पांढऱ्या मिश्यांचे, पायात धुळीनं भरलेले जोडे. रीतीप्रमाणे ते अंगणात रेंगाळले. गोठ्याकडं पाहिलं. बैलांच्या बरगड्या पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, त्या साली सगळ्यांचेच बैल तसे होते. मग ते गंजीजवळ गेले. गंजी उन्हात पिवळीधमक दिसत होती. मी दाराच्या आडून पाहत होते. मामांनी काट्यांच्या वरून हात घालून गंजीच्या मधोमध एक पेंढी पकडली आणि हिसका देऊन तिच्यातली काही ताटं ओढून काढली. शेतकरी माणसं असं करतात. ताट मोडून, हुंगून कडब्याची प्रत पाहतात.

ताटांचं बाहेरचं टोक पिवळं होतं. आतलं टोक काळं होतं.

बाबा जरा लांब, मध्यस्थाशी बोलत उभे होते. मामांनी ताटं नाकाशी नेली. मागं वळून पाहिलं, बाबांचं लक्ष नाही असं त्यांना वाटलं असावं, आणि ती ताटं जशीच्या तशी परत आत सारली. भोक दिसू नये म्हणून त्यांनी आजूबाजूच्या पेंढ्या हातानं थोपटल्या. बाबांनीही थोपटल्या होत्या, तशाच.

मग मला बोलावलं. चहा, पोहे. मामांनी मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. खिशातून औषधाची एक बाटली काढली आणि म्हणाले, “हे वाच बरं बाई. काय घेऊन राह्यलो, ते मलेच माहीत नाई. डॉक्टर नुसता घे म्हणते.”

मी वाचलं, आणि मराठीत सांगितलं की जेवणानंतर घ्यायचं आहे, घेण्याआधी बाटली हलवायची आहे.

“हलवायची आहे?” मामा म्हणाले. “म्हणूनच गुण नाई. मी तं देवाच्या मूर्तीसारखी जपून ठेवतो तिले.”

सगळे हसले. मीही हसले, आणि खूप दिवसांनी ते हसणं माझ्या बोलण्यावर नव्हतं असं मला वाटलं. निघताना बाबा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. मामांनी जोडे घातले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मी ओट्यावर होते, म्हणून मला ऐकू आलं.

“गंजी आजच उघडा,” ते म्हणाले. “बैल उपाशी आहेत.”

बाबा फाटकाशी उभे राहिले. पाहुण्यांची गाडी दिसेनाशी झाली तरी तिथंच होते.

त्याच दुपारी गंजी उघडली. चाचा दोर घेऊन आले होते, अर्धा कडबा बांधून न्यायला. बाबा वर चढले आणि त्यांनी वरची ताटं खाली फेकली. ती चिकट, काळी होती. त्यांच्याखाली जुना कडबा, मागच्या सालचा, चांगला वाळलेला, बाबांनी जपून ठेवलेला. तोही काळा होता. बुरशीचे पांढरे चट्टे होते आणि त्यातून वाफ निघत होती. बाबा पेंढी उचलत आणि ती त्यांच्या हातात सुटून येई. बाहेरच्या बाजूला वीतभर पिवळी कड, आत सगळी माती. वास असा की आईनं पदर नाकाला लावला. दावणीला म्हातारा बैल दोर ताणून उभा होता. त्याला वाटत होतं, आपल्यासाठीच चाललंय.

 चाचांनी दोर बाजूला ठेवला आणि खाली बसून पेंढी सोडून ताटं निवडायला लागले. चांगलं इकडं, सडलेलं तिकडं. थोड्या वेळानं बाबाही खाली उतरून त्यांच्याजवळ बसले. मी आणि आईसुद्धा. आम्ही संध्याकाळपर्यंत गंजी निवडली, गहू निवडतात तशी. शेवटी चांगल्या ताटांचा एक लहान ढीग झाला. बाबांनी त्याचे दोन भाग केले आणि एक चाचांकडं सरकवला.

“नको दादा. एवढ्यात कोणाचं पुरन?”

“बोललो होतो,” बाबा म्हणाले.

चाचांनी तो नेला. पण आठवड्याभरातच त्यांचा एक बैल बसला तो उठलाच नाही.

मग बाबा कडबा विकत घ्यायला निघाले. आयुष्यात पहिल्यांदा. मेहकरच्या बाजारात लांबून आलेले कडब्याचे ट्रक उभे होते आणि त्यांच्या शेजारीच बैलबाजार भरला होता. परत आल्यावर बाबांनी आईला जे सांगितलं त्यावरून मी तो बाजार डोळ्यांपुढं आणते. बैल विकायला आलेली माणसं रांगेनं उभी आणि घ्यायला कोणी नाही. कडब्याभोवती झुंबड. एका गाडीभर कडब्याला त्या दिवशी एक बैल मिळत होता. म्हणजे खरं तर उलटं म्हणायला हवं, बैल दिला तर गाडीभर कडबा मिळत होता. सुगीत जो कोणी मोजूनही घेत नाही, तो कडबा.

पुढच्या बाजाराला बाबा जोडी घेऊन गेले. संध्याकाळी एक बैल आणि भाड्याच्या गाडीत कडबा घेऊन आले. डावा नव्हता. तरुण, उंच, जो अजून दहा सालं औत ओढू शकला असता, तो विहिरीवाल्या एका शेतकऱ्याला देऊन त्यांनी म्हाताऱ्यासाठी चारा आणला होता.

आईनं गाडीकडं पाहिलं आणि बैलाकडं. “चांगला देला अन् म्हातारा राखला?”

“म्हाताऱ्याले घेणारे कसाईच होते, तुले माहीत आहे,” बाबा म्हणाले. मग ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

उजवा जगला. तो कडबा त्याला उन्हाळाभर पुरला. दावणीला तो उजवीकडंच उभा राही, डावीकडची जागा मोकळी सोडून, तिकडं टाकलेला चारासुद्धा लवकर खायचा नाही. पाण्यावरून येताना मध्येच थांबून पुढं बघायचा, डावा तिथं आपली वाट पाहत थांबलाय असं समजून.

उन्हाळा संपता संपता वरवट बकालहून निरोप आला. त्यांचा होकार होता. मामांनी कळवलं होतं की मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, पाऊसपाणी झाल्यावर सोयीनं करा. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी मध्यस्थाला नम्रपणे सांगितलं की आमचं जमायचं नाही. आईनं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की ज्या माणसानं आपली गंजी आतून पाहिली, त्याच्या दारात मान वर करून कसं जायचं. आई खूप बोलली. ते ऐकून घेत राहिले.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, कोण जाणे. मला तो मुलगा माहीतही नव्हता. पण ती ताटं परत आत सारून, भोक थोपटून बुजवणारा हात मला पुष्कळदा आठवे. अशा माणसाच्या घरी माझ्या बोलण्याला कोणी हसलं नसतं असं वाटे.

पाऊस त्या साली वेळेवर झाला. चाचांचा एक बैल राहिला होता आणि आमचा एक. दोघांनी मिळून एक जोडी करायची ठरवलं, आधी आमचं पेरायचं, मग त्यांचं. पण चाचांचा राहिलेला बैलही उजव्या बाजूचाच निघाला. जुवाखाली त्याला डावीकडं उभं केलं की तो फिरून उजवीकडं येई आणि आमच्या म्हाताऱ्याला ढकलू लागे. शेवटी चाचा त्याची शिंगं धरून डावीकडून पुढं चालले आणि बाबा मागून पेरणीची पाभर धरून. त्या साली आमची पेरणी तशीच झाली. तासं, पेरणीच्या ओळी, वाकडी आली. चाचा बैलाला शिव्या देत होते, आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, भाकरी घेऊन उभी होते.

आता आवारात पुन्हा गंजी आहे. ती कधीच पुरी उंच नसते. दिवाळी झाली की बाबा स्वतःच तिचं डोकं उतरवतात, आणि जो मागेल त्याला पेंढ्या देतात. मुलगी पाहायला येणाऱ्यांना ती अर्धी खाल्लेलीच दिसते. माझ्यासाठी दोनदा माणसं येऊन गेली, त्यांनी गंजीकडं पाहिलं आणि पुढं काही कळवलं नाही. बाबांना त्याचं वाईट वाटतं.

थंडीत मी सकाळी ओट्यावर येते तेव्हा ते गंजीपाशी असतात. काट्यांवरून वाकून हात पार खांद्यापर्यंत आत घालतात आणि तसेच उभे राहतात, डोळे मिटून, ऊब लागते का ते पाहत. मग हात बाहेर काढतात, हुंगतात, आणि गोठ्यात जाऊन म्हाताऱ्याच्या पाठीवर तो हात ठेवतात.